काटा शून्यावर, तरी उत्तर नाही: हॅम रेडिओवर वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की आपल्या किनाऱ्यावरचे सगळे हॅम (हौशी रेडिओवाले) एकदम जागे होतात, उतरवून ठेवलेली तार परत माडावर चढते, आणि मग आमच्याकडे पत्रं यायला लागतात. यंदा बऱ्याच पत्रांत एकच रडगाणं आहे, मीटर चांगलं सांगतोय पण ऐकू कुणालाच जात नाही. काही पत्रं थोडी छाटलीत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (देवगड): माझ्याकडे ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही टोकं खाली असा तारेचा अँटेना आहे, मधला पॉइंट घराच्या मागच्या माडावर आणि एक टोक हापूसच्या कलमाला बांधलंय. आरजी-५८ केबल अंदाजे २० मीटर. ४० वर झकास चालतो. आता मला २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) जायचं होतं म्हणून बाहेरचा मॅन्युअल ट्यूनर घेतला. तिन्ही नॉब फिरवून फिरवून एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १:१ म्हणजे काहीच नाही) बरोबर १:१ आणला, फॉरवर्ड १०० वॅट, रिफ्लेक्टेड शून्य. तरी सीक्यू सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) करून घसा बसला. ज्यांना मी नीट ऐकतो ते पण मला परत देत नाहीत. ट्यूनर खराब आहे का?

उत्तर: ट्यूनर ठणठणीत आहे हो, त्याचं काम तो चोख करतोय, गोंधळ आहे तो त्याचं काम काय याबद्दल. ट्यूनर या नावामुळे सगळ्यांना वाटतं की तो अँटेना ट्यून करतो. तो अँटेनाला हातसुद्धा लावत नाही. तुमच्या टेबलापर्यंत केबलमधून जो काही वेडावाकडा इंपीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) येतो त्याला तो ५० ओहमचं रूप देतो, म्हणजे रेडिओ खूश. चष्मा लावला म्हणून मोतीबिंदू जात नाही, तसं ट्यूनरच्या पुढे केबल आणि अँटेना यांच्यात जे चाललंय ते तसंच चालू राहतं.

आणि तुमच्या केसमध्ये पुढे फारच वाईट चाललंय. ४० मीटरचा डायपोल (तुमचा इन्व्हर्टेड व्ही हाही डायपोलच) २० वर वापरला की तो पूर्ण वेव्हलेंग्थचा होतो, आणि मधोमध फीड केलेल्या अशा तारेचा इंपीडन्स काही हजार ओहममध्ये जातो. ३००० ओहम धरा. ५० ओहमच्या केबलला ३००० चा लोड लावला म्हणजे अँटेनाच्या टोकाला एसडब्ल्यूआर ६०. आता २० मीटर आरजी-५८ मध्ये १४ मेगाहर्ट्झला सगळं मॅच असेल तर एक-सव्वा डीबी (डेसिबल, ३ डीबी गेले म्हणजे पॉवर निम्मी) लॉस असतो, तो काही मोठा नाही, पण एसडब्ल्यूआर ६० असताना तीच पॉवर केबलमधून पुढेमागे पुढेमागे फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी उष्णता होऊन जाते. हिशोब केला तर एकूण लॉस साडेनऊ डीबीच्या आसपास येतो. म्हणजे १०० वॅटपैकी वर तारेत जातात दहा-बारा. बाकीचे केबल तापवतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. त्याच लॉसमुळे खाली टेबलावर ट्यूनरला ६० दिसत नाही, ७ च्या आसपास दिसतो. रिफ्लेक्टेड पॉवर जाता-येता बरीचशी वाटेतच मरते ना! आणि ७ चा एसडब्ल्यूआर बाहेरचा चांगला ट्यूनर आरामात १ वर आणतो. म्हणजे केबल जितकी पॉवर खाणार तितकं ट्यूनरचं काम सोपं. रेडिओच्या आतला ऑटो ट्यूनर साधारण ३:१ पर्यंतच झेपवतो, त्याने कदाचित नकार दिला असता आणि तुम्हाला लगेच शंका आली असती, बाहेरच्याने सगळं झाकून टाकलं.

आता दहा वॅटवर २० मीटरला जगाशी बोलता येतं, लोक मुद्दाम कमी पॉवरवर बोलतातच, त्यामुळे अगदीच कुणी ऐकत नाही असं होऊ नये, पण साडेनऊ डीबी म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर, दीड युनिट कमी (एक एस-युनिट ६ डीबीचं), आणि गर्दीच्या वेळी तेवढ्यात तुम्ही गाडले जाता.

काय करायचं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याच फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते ती जागा) २० मीटर बँडच्या दोन तारा अजून लावा, प्रत्येकी पाच मीटरच्या आसपास. सुरुवातीला थोड्या लांबच ठेवा आणि मग कापत कापत आणा, कापलेली तार परत जोडायला जीवावर येतं. या नव्या तारा ४० च्या तारांपासून टोकाकडे जितक्या दूर नेता येतील तितक्या न्या, एकमेकींना चिकटून असल्या तर ट्यून करताना डोकं फिरतं. मग दोन्ही बँडना ट्यूनरची गरजच नाही, फार तर बँडच्या कडेला लागेल.

दुसरा उपाय जुना आणि माझा लाडका, कोॲक्स (तुमची आरजी-५८ सारखी गोल केबल) काढून टाकायची आणि ओपन वायर म्हणजे शिडीसारखी समांतर तार लावायची, खाली ट्यूनरपाशी बॅलन (समांतर तार ट्यूनरशी जुळवणारा ट्रान्सफॉर्मर). तिच्यात एसडब्ल्यूआर जास्त असला तरी लॉस अर्ध्या डीबीच्या आतबाहेर राहतो, कारण मुळात तिचा लॉस नगण्य. फक्त ती पत्र्याच्या शेडला, खिडकीच्या गजाला चिकटवून आणू नका, आणि स्पेसर म्हणून बांबूच्या कामट्या लावू नका, आपल्याकडच्या पावसात त्या पाणी पितात. पीव्हीसी पाइपचे तुकडे बरे.

ट्यूनरचं अजून एक. तुमच्या ट्यूनरमध्ये बहुतेक दोन कपॅसिटर आणि मधे एक कॉइल असं टी नेटवर्क असणार. त्यात एकाच अँटेनाला १:१ देणाऱ्या अनेक सेटिंग सापडतात आणि सगळ्या सारख्या नसतात. जिथे कपॅसिटर जास्तीत जास्त आत आणि कॉइल कमीत कमी, ती सेटिंग घ्यायची. उलट्या टोकाची घेतली तर ट्यूनर स्वतःच पॉवर खातो. बोलणं झाल्यावर, ट्रान्समिट बंद करून, डब्याला हात लावून बघा, कोमट लागला तर समजा आत काहीतरी जळतंय.

आणि ते माडाला तार ताणून बांधणं सोडा. वाऱ्यात माड किती झुलतो ते तुम्हाला मी सांगायला नको. कप्पी लावा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवा.

प्रश्न (मालवण): काका, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, जनरल ग्रेडचं लायसन्स नुकतंच मिळालंय. रेडिओ १०० वॅटचा. मी क्रॉस नीडलवाला (एकमेकांना छेदणाऱ्या दोन काट्यांचा) मीटर ट्यूनरच्या नंतर, म्हणजे ट्यूनर आणि केबलच्या मधे लावला तर फॉरवर्ड १३३ आणि रिफ्लेक्टेड ३३ दाखवतो. शंभरच्या रेडिओतून एकशे तेहतीस कसे येतील? बाबा म्हणतात, "ह्यो मीटर खोटो काय रेडिओ खोटो?" आणि ते परत येणारे ३३ वॅट फायनल ट्रान्झिस्टर (रेडिओतले शेवटचे, पॉवर देणारे) जाळणार नाहीत ना?

उत्तर: बाबांना सांग, दोघंही खरे. आणि तू मीटर ट्यूनरच्या पुढे लावून बघितलास याबद्दल शाबासकी, कारण बहुतेक जण तो रेडिओ आणि ट्यूनरच्या मधे लावतात आणि १:१ बघून झोपी जातात.

१३३ मधून ३३ वजा कर. १०० आले ना? प्रत्यक्ष अँटेनाकडे जाणारी पॉवर म्हणजे फॉरवर्ड वजा रिफ्लेक्टेड, एवढंच. (ट्यूनरचा स्वतःचा थोडा लॉस आणि मीटरची चूक सोडून देऊ, तुझे आकडे इतके गुळगुळीत आलेत की मला थोडा संशयच आला.) होतं काय, अँटेनाकडून ३३ वॅट परत येतात, ट्यूनरपाशी पोचतात, तिथे रेडिओकडे जायला वाट नाही कारण ट्यूनर नीट लावलेला आहे, मग ते तिथून पुन्हा अँटेनाकडे वळतात आणि रेडिओतून येणाऱ्या ताज्या शंभरात मिसळतात. म्हणून त्या तारेवर पुढे जाणारी लाट १३३ ची. शंभर वॅट नव्याने येतायत, शंभर वॅट खर्च होतायत, तेहतीस नुसते फिरतायत. ऊर्जा कुठूनही जास्तीची आलेली नाही, त्यामुळे तुझ्या फिजिक्सच्या सरांना काळजी नको.

ट्रान्झिस्टरचं म्हणशील तर ट्यूनर आणि रेडिओच्या मधे मीटर लाव, तिथे रिफ्लेक्टेड शून्याजवळ दिसेल. म्हणजे रेडिओच्या दृष्टीने समोर ५० ओहमच आहे. ट्यूनर नसतानासुद्धा "परत आलेली पॉवर फायनलमध्ये घुसून जाळते" हे चित्र तसं बरोबर नाही, खरं कारण असं की चुकीच्या इंपीडन्समुळे ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज नाहीतर करंट नको तेवढा चढतो. आताचे रेडिओ एसडब्ल्यूआर वाढला की आपोआप पॉवर कमी करतात, साधारण २ ते ३ च्या दरम्यान, तेही याचसाठी.

तुझ्या आकड्यांवरून एसडब्ल्यूआर पण काढून ठेव. रिफ्लेक्टेड भागिले फॉरवर्ड, त्याचं वर्गमूळ, ते आलं अर्धं. मग एक अधिक अर्धं भागिले एक वजा अर्धं, म्हणजे ३. काट्यांची फुली ३ च्या रेषेवर पडलेली असणार, बघ. आणि ३ ऐकून घाबरू नकोस. ट्यूनर नसता आणि रेडिओने पॉवर कमी केली नसती तरी २५ टक्केच रिफ्लेक्ट होतात, म्हणजे सव्वा डीबी, समोरच्याच्या कानाला फरक कळणार नाही. २ ला अकरा टक्के, १.५ ला फक्त चार. १.५ चा १.१ करायला भर उन्हात कौलांवर चढणारे लोक मी पाहिलेत, त्यांना नमस्कार. फरक पडतो तो केबलमध्ये: तू एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) खालच्या बँडवर आहेस आणि केबल आखूड आहे तर ३ वर बिनधास्त बोल, ७ मेगाहर्ट्झला २० मीटर आरजी-५८ असेल तर ३ मुळे वाढणारा लॉस अर्ध्या डीबीच्या आत आहे. हाच ३ दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) लांब बारीक केबलवर असता तर मी वेगळं बोललो असतो.

प्रश्न (गुहागर): गच्चीवर दोन मीटर बँडचा व्हर्टिकल (उभा अँटेना) आहे, २० मीटर आरजी-२१३ केबल, रेडिओ २५ वॅटवर. लावला तेव्हा एसडब्ल्यूआर १.६ होता, मन खट्टू झालं होतं. आता दोन-तीन पावसाळ्यांनंतर काही न करता तो १.२ झालाय. पण जो रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) पूर्वी सहज उघडायचा तो आता खरखरतो. रिपीटरवाल्यांना कळवू का?

उत्तर: थांबा, रिपीटरवाल्यांना फोन करू नका. आधी स्वतःची केबल तपासा.

अँटेना आपोआप सुधारत नाही. समुद्रापासून चार पावलांवर खाऱ्या हवेत तर नाहीच नाही. तुमचा एसडब्ल्यूआर सुधारला कारण केबल बिघडली. वरच्या देवगडच्या उत्तरात जे लिहिलंय तेच इथे हळूहळू घडलंय, परतीची पॉवर वाटेत मरते म्हणून मीटरला कमी दिसते. आणि परतीची मरते म्हणजे जाणारी पण मरतेच!

तुमचेच आकडे घेऊ. नवी आरजी-२१३, २० मीटर, १४५ मेगाहर्ट्झला पावणेदोन डीबीच्या आसपास लॉस. खाली १.६ दिसत होता म्हणजे वर अँटेनापाशी तो साधारण २.१ असणार. अँटेना तोच राहिला असं धरलं आणि खाली आता १.२ दिसतोय, तर केबलचा लॉस सहा डीबीच्या जवळ गेलाय. सहा डीबी म्हणजे चौथा हिस्सा उरला. रेडिओचा मीटर २५ वॅट म्हणतो, वर पोचतात सहा. आणि ऐकताना पण तेवढंच नुकसान, रिपीटर खरखरतो तो त्यामुळेच.

खात्री करायची एक सोपी पद्धत आहे. वरच्या टोकाला अँटेना सोडवा, केबलचं टोक मोकळं ठेवा, आणि खाली रेडिओची पॉवर अगदी कमी करून एक-दोन सेकंद मोजा. (नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र, असेल तर त्यानेच मोजा, रेडिओला त्रास नको.) मोकळ्या टोकावरून सगळी पॉवर परत यायला हवी, त्यामुळे केबल चांगली असेल तर मीटर ५ च्या आसपास बोंबलेल. तुमच्याकडे तो दीड-पावणेदोन दाखवेल असं माझं भाकीत आहे, म्हणजे अँटेना नसतानाही मीटर म्हणतोय सगळं छान! अजून पक्कं करायचं तर वर डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) लावा आणि एकच मीटर एकदा केबलच्या खालच्या टोकाला, एकदा वरच्या टोकाला लावून दोन्हीकडची पॉवर लिहून घ्या.

मग केबल थोडी सोलून बघा. जाळी लखलखीत तांबूस असेल तर माझं चुकलं. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी आत गेलंय, आणि ते नुसतं टोकाला नसतं, जाळीतून वात चढावी तसं मीटर-मीटरभर आत जातं, त्यामुळे टोक कापून नवा कनेक्टर लावणं म्हणजे पैसे वाया. पूर्ण केबल बदला.

बदलताना हे लक्षात ठेवा. आपल्याकडे नुसतं पावसाचं पाणी नाही, वाऱ्यावर मीठ येतं, ते कनेक्टरवर बसतं आणि रात्रीच्या दमट हवेत ओलं होतं, म्हणजे पाऊस नसला तरी काम चालूच. पीएल-२५९ कनेक्टर स्वतःहून पाणी अडवत नाही, पॅकिंगवर कितीही लिहिलेलं असो. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप येते, ती ताणून खालून वर गुंडाळत जा म्हणजे पदर कौलांसारखे पाणी बाहेर टाकतात, त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप, कारण उन्हाने रबरी टेप तडकते. नुसती इन्सुलेशन टेप मेमध्ये वितळते आणि जूनमध्ये सुटते, हे तुम्ही पाहिलंच असेल. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल, भिंतीच्या भोकातून रेडिओवर नाही. आणि केबल बसवली त्याच दिवशी, टोक मोकळं ठेवून आलेला आकडा वहीत लिहा. दर दिवाळीला तोच आकडा परत काढा. एसडब्ल्यूआरचा आकडा घसरला तर आनंद करू नका, एवढंच.

प्रश्न (हर्णै): एसएसबीवर (एचएफवर आवाजाने बोलायची पद्धत) बोलताना मीटर २५-३० वॅटच्या वर जात नाही. रेडिओ १०० चा. माइक गेन पूर्ण वाढवला तरी चाळीस. दुकानदार म्हणतो रेडिओ पाठवून द्या.

उत्तर: पाठवू नका, आणि माइक गेन आत्ताच्या आत्ता खाली आणा! तुमचा मीटर सरासरी दाखवतो. एसएसबीमध्ये तुम्ही बोलाल तेव्हाच पॉवर, मधल्या श्वासात काही नाही, आणि बोलण्यातही एखादा स्वर उंच, बाकी सगळं खाली. १०० वॅटची शिखरं देणारा रेडिओ साध्या मीटरवर पंचवीस-तीस दाखवतो, हे अगदी नॉर्मल. माइकसमोर एक लांब शिट्टी वाजवा, डमी लोडवर, काटा वर जाईल कारण शिट्टी सलग असते. किंवा सीडब्ल्यूमध्ये (मोर्सच्या मोडमध्ये) की दाबून बघा, तिथे सरासरी आणि शिखर एकच असतं. शिखर पकडणारे मीटर मिळतात, त्यावर पीईपी (शिखराची पॉवर) असं बटण असतं, पण त्यांना बॅटरी किंवा सप्लाय लागतो, नुसतं बटण आहे म्हणून ते शिखर दाखवतीलच असं नाही. काटा हलवायच्या नादात गेन वाढवला तर आवाज फाटतो आणि तुमचा सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो, सकाळी ४० मीटरवर असे दोन-चार जण ऐकू येतातच, त्यांच्यात भर नको.

प्रश्न (श्रीवर्धन): निसर्ग वादळात मोबाइल, वीज सगळं गेलं होतं तेव्हापासून हॅमचं वेड लागलं. माझ्याकडे दोन वॅटमीटर आहेत. एक १०० वॅट म्हणतो, दुसरा ८८. खरा कोणता? आणि ५ वॅटवर एसडब्ल्यूआर १:१ येतो, त्याच अँटेनाला १०० वर १.४. असं कसं?

उत्तर: ३ जून २०२० चा तडाखा तुमच्याच पट्ट्यात बसला, वेड लागलं ते चांगलंच झालं.

दोन्ही मीटर खरे असू शकतात. बर्ड ४३ सारखा नावाजलेला वॅटमीटरसुद्धा फुल स्केलच्या अधिक-उणे ५ टक्के एवढीच हमी देतो. नीट वाचा, फुल स्केलच्या. १०० वॅटच्या स्केलवर २० वॅट मोजलेत तर खरी पॉवर १५ ते २५ काहीही असू शकते. तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारे मीटर याहून सैलच. शंभर आणि अठ्ठ्याऐंशीमध्ये अर्ध्या डीबीच्या जवळपास फरक आहे, त्यावर झोप घालवू नका. फक्त मोजायचं ते स्केलच्या वरच्या भागात येईल असा रेंज निवडा, आणि तुलना करायची तर नेहमी एकाच मीटरने करा.

दुसऱ्या प्रश्नाचं कारण मीटरमधला डायोड. त्याला चालू व्हायलाच थोडं व्होल्टेज लागतं. ५ वॅटवर १.४ चा एसडब्ल्यूआर म्हणजे रिफ्लेक्टेड फक्त दीडशे मिलीवॅटच्या आसपास, तेवढ्याने डायोड धड जागा होत नाही, काटा शून्यावर, आणि तुम्ही म्हणता १:१. शंभरचा आकडा जास्त खरा. कमी पॉवरवर ट्यून करायचं (ते करायलाच हवं, दुसऱ्यांच्या डोक्यावर शंभर वॅटची शिट्टी नको) तर फॉरवर्डचा काटा सेट नॉबने स्केलच्या टोकावर आणून मगच रिफ्लेक्टेड बघा, नाहीतर नॅनोव्हीएनए.

प्रश्न (अलिबाग): ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की ट्यूनरचा स्विच ग्राउंडवर टाकतो. पुरतं का?

उत्तर: नाही. केबल काढा, घराबाहेर ठेवा. तो स्विच दोन-चार मिलिमीटरच्या फटीचा आहे, ढगातून खाली आलेली वीज त्याला विचारणार नाही. आणि गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढायला धावू नका, संध्याकाळी वापर संपला की रोजच काढायची.

प्रश्न (वेंगुर्ला): जांभ्याच्या सड्यावर ४० मीटर बँडचा क्वार्टर वेव्ह (पाव वेव्हलेंग्थचा) व्हर्टिकल उभा केलाय, दहा-साडेदहा मीटर उंच. आधी एक अर्थ रॉड होता, एसडब्ल्यूआर १.१. मग कुणीतरी रेडियल (बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरायच्या तारा) घाला म्हणालं, सोळा तारा पसरल्या तर तो १.४ झाला. रागाने सगळ्या गुंडाळून ठेवल्या. बरोबर केलं ना?

उत्तर: परत पसरा, आजच!

चांगल्या जमिनीवरच्या क्वार्टर वेव्ह व्हर्टिकलचा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास असतो. ५० ओहमच्या केबलला ३६ जोडले की एसडब्ल्यूआर १.४. म्हणजे रेडियल घातल्यावर तुम्हाला दिसला तो आकडा पुस्तकी आहे. मग आधी १.१ कुठून आला? त्या ३६ मध्ये जमिनीचे दहा-चौदा ओहम मिसळले होते. सगळे मिळून पन्नासच्या जवळ, मीटर खूश. पण त्या चौदा ओहममध्ये जाणारी पॉवर कातळ तापवते, पन्नासातले छत्तीस म्हणजे ७२ टक्केच हवेत जातात. आणि एकाच रॉडवर प्रत्यक्षात याहून वाईट असण्याची शक्यता जास्त, कारण वरची तार थोडी लांब-आखूड असली की आकडे अजून लपतात. रॉड विजेसाठी ठेवा, आरएफसाठी (रेडिओच्या करंटसाठी) त्याचा उपयोग थोडाच.

रेडियल जमिनीवर नुसत्या पसरल्या तरी चालतात, सड्यावर खणणार कुठे? दगडांनी दाबून ठेवा, गुरं अडकणार नाहीत एवढं बघा, पुढे दोन पावसात गवत त्यांना धरून ठेवतं. लांबी प्रत्येकीची अगदी मोजून सारखी हवी असं नाही. आठ-दहा मीटर पुष्कळ, आणि अजून तारा हाताशी असल्या तर लांबी वाढवण्यापेक्षा संख्या वाढवा. सडा समुद्राच्या कड्याला लागून असेल तर तुमच्यासारखा नशीबवान नाही, खारं पाणी कोरड्या जमिनीपेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक असतं आणि समुद्राच्या दिशेने अगदी क्षितिजालगत जाणारा सिग्नल त्याने जोरदार सुधारतो. व्हर्टिकल पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, अगदी भरतीच्या रेषेशी नेऊन उभा करता आला तर फारच उत्तम.

एवढं करून १.४ डोळ्यांना खुपतच असेल तर अँटेनाच्या बुडाशी फीड पॉइंट आणि रेडियलच्या मधे थोड्या वेढ्यांची एक छोटी कॉइल लावा आणि वरची तार इंच-इंच कमी करत जा, ३६ चे ५० होतात. नाहीतर रेडिओमधला ऑटो ट्यूनर लावून मोकळे व्हा. १.४ ला केबलमधला जादा लॉस इतका नगण्य आहे की इथे ट्यूनर टेबलावरच ठेवला तरी काही बिघडत नाही.